बेस ट्रॉम्बोनला माउथपीस जुळवणं: आधी शँक, मग रिम, त्यानंतर कप आणि थ्रोट

वाद्य मोठं, तर माउथपीसही मोठाच हवा. बेस ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांचे बरेचसे घोळ या एका समजुतीतून होतात. नवा, रुंद बेलचा, मोकळा वाजणारा ट्रॉम्बोन हाती येतो आणि त्याच आठवड्यात हातातला माउथपीस बाजूला पडून दोन नंबर मोठा येतो. पहिले काही दिवस खालचे सूर भरघोस वाटतात. मग वरचे सूर खाली उतरायला लागतात, श्वास पुरत नाही, आणि तालमीत शेजारचा म्हणतो, "तुझा सूर नीट ऐकू येत नाही."

मोकळ्या वाद्याला बहुतेक वेळा थोडा आवरणारा माउथपीस लागतो. घट्ट वाजणाऱ्या वाद्याला मोकळा माउथपीस चालतो, पण त्यालाही मर्यादा आहे. हे कळण्यासाठी माउथपीसचे भाग वेगवेगळे तपासावे लागतात आणि तेही ठरावीक क्रमाने. वाद्यात बसणारी दांडी म्हणजे शँक, ओठ टेकतात ती कड म्हणजे रिम, तिच्या आतली पोकळी म्हणजे कप, कपाच्या तळाचं छिद्र म्हणजे थ्रोट आणि त्यापुढे शँकमधून जाणारी वाट म्हणजे बॅकबोअर. क्रम उलटा झाला की दोष एकाचा असतो आणि बदललं जातं भलतंच.

## तयारी: आधी वाद्याला निर्दोष ठरवा

गळणाऱ्या वाद्यावर माउथपीस पारखू नका. स्लाइडचा भाग वेगळा करा, सरळ उभा धरा, माउथपीस बसतो ते तोंड आणि दुसऱ्या नळीचं तोंड दोन्ही घट्ट झाका आणि बाहेरची स्लाइड हळूच सोडा. खाली कुणाचा तरी हात असू द्या. स्लाइड हवाबंद असेल तर ती अडखळत, रेंगाळत उतरते. धाडकन आली तर हवा कुठून तरी जातेय. बरेचदा पाणी काढायच्या झडपेचा बूच झिजलेला असतो.

मग व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रिगर दाबला की जादा नळी जोडणारी झडप. रोटरी व्हॉल्व्हची मागची टोपी काढली की रोटरच्या टोकावर आणि त्याच्या बेअरिंगच्या पट्टीवर खुणा दिसतात. ट्रिगर दाबलेला आणि सोडलेला, दोन्ही स्थितींत त्या एकमेकींसमोर यायला हव्यात. रबराचा किंवा बुचाचा बंपर दबला की खूण सरकते, नळीचं तोंड अर्धवट झाकलं जातं आणि ट्रिगरचे सूर कोंदतात. असे कोंदलेले सूर "मोकळे" करण्यासाठी मोठ्या थ्रोटचा माउथपीस घेतलेले वादक मी बरेच पाहिलेत. एक बंपर बदलून जे झालं असतं त्यासाठी त्यांनी चांगला जुळलेला माउथपीस सोडून दिला.

जवळ ठेवायच्या वस्तू: व्हर्निअर कॅलिपर, ट्यूनर, आवाज रेकॉर्ड करायला फोन, सुई नसलेली सिरिंज, थोडी माती किंवा पुट्टी, पुसता येईल असा मार्कर आणि वही. सध्याचा माउथपीसही जवळच असू द्या. सगळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.

## टप्पा 1: शँक रिसीव्हरमध्ये नीट बसतोय का

बेस ट्रॉम्बोनला मोठा शँक लागतो. डेनिस विक आणि यामाहाच्या नंबरांमागचं एल हे अक्षर मोठ्या शँकचं असतं. लहान शँक मोठ्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे वाद्याच्या ज्या तोंडात शँक जातो त्यात, खोल बुडतो, मोठा शँक लहान रिसीव्हरमध्ये टोकावरच अडतो. ही चूक लगेच दिसते म्हणून तिचा फारसा त्रास नाही. त्रास देते ती उताराची चूक. शँकची आणि रिसीव्हरची जाडी किती वेगाने बदलते हे दोन्हीकडे सारखं हवं. आज बहुतेक माउथपीस मोर्स टेपरचे (टेपर म्हणजे हाच उतार) असतात. जुन्या कॉन ट्रॉम्बोनपैकी काहींचा रिसीव्हर मात्र रेमिंग्टन टेपरचा असतो, त्याचा उतार सौम्य. त्यात मोर्स शँक घातला की तो रिसीव्हरच्या तोंडाशीच आवळतो आणि आतलं टोक अधांतरी राहतं.

तपासायची रीत सोपी आहे. शँकवर मार्करने उभ्या चार रेघा ओढा. माउथपीस न दाबता रिसीव्हरमध्ये सोडा, हलकेच अर्धा वळसा फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळ्या लांबीवर सारख्या पुसल्या असतील तर उतार जुळतो. फक्त कपाच्या बाजूला पुसल्या तर शँकचा उतार रिसीव्हरपेक्षा तीव्र आहे, फक्त टोकाशी पुसल्या तर तो सौम्य आहे. आता माउथपीस परत घाला आणि रिम धरून आडवा हलवून बघा. जराही डगमगला तर पुढचे टप्पे करू नका, कारण पुढे जे काही ऐकाल त्यात या ढिलाईचा वाटा असेल.

शँक आत किती जातो तेही मोजा. साधारण 25 मिमी, म्हणजे एक इंच, ही नेहमीची खोली. दोन माउथपीसांमध्ये यात 3–4 मिमीचा फरक असेल तर स्वर उतरलाय की फक्त नळी लांब झालीय हे कळणार नाही. उथळ बसणाऱ्या माउथपीसला आधी ट्यूनिंग स्लाइड फरकाच्या निम्मी आत घेऊन सांभाळून घ्या, मगच मत बनवा.

सावधान: माउथपीस बसवताना तळहाताने ठोकू नका. अडकला तर पकडीने ओढू नका, माउथपीस पुलर वापरा. पकडीने लीडपाइप, म्हणजे शँकच्या पुढची वाद्यातली पहिली नळी, पिळला जातो.

## टप्पा 2: रिम ओठांसाठी, वाद्यासाठी नाही

रिम चपलेच्या मापासारखी असते: ती पायावरून ठरते, रस्त्यावरून नाही. तुमच्याकडे दोन बेस ट्रॉम्बोन असतील तर दोन्हींना रिम एकच ठेवा आणि बदल खालच्या भागात करा. तुकड्यांचे माउथपीस, म्हणजे रिम, कप आणि शँक वेगवेगळे होणारे, यासाठी सोयीचे पडतात. डग एलियट यांच्या माउथपीसांची रचना अशीच आहे. त्यांच्या रिमचा नंबर इंचाच्या शंभराव्या भागात असतो: 112 म्हणजे 1.12 इंच, साधारण 28.4 मिमी.

नंबरांचा गोंधळ इथेच होतो. बाखच्या नंबरात आकडा लहान तितका माउथपीस मोठा: दीड जी अंदाजे 27 मिमी, सव्वा जी 27.5, एक जी 28. डेनिस विकचा क्रमही असाच उलटा. शिल्के आणि यामाहात आकडा मोठा तितकं माप मोठं, 58 पेक्षा 59 मोठा, 59 पेक्षा 60. आणखी एक अडचण म्हणजे आतला व्यास नेमका किती खोलीवर मोजायचा हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं. म्हणून कॅटलॉगमधले दोन कंपन्यांचे 27.5 एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या एकाच नंबरचे जुने-नवे नगही सारखे निघतील असं नाही.

स्वतः मोजा. कॅलिपरचे आतले जबडे रिमच्या वरच्या पातळीपासून सव्वा-दीड मिमी खाली जातील अशी खूण चिकटपट्टीने करा आणि प्रत्येक माउथपीस त्याच खोलीवर मोजा. तुमचा आकडा कॅटलॉगशी जुळणार नाही, जुळायची गरजही नाही. तुमचेच दोन आकडे एकमेकांशी ताडता आले म्हणजे झालं.

व्यासाबरोबर रिमची रुंदी आणि आतली कड बघा. सपाट, रुंद रिमवर जास्त वेळ वाजवता येतं, पण ओठ जागचे हलायला कुरकुरतात. गोल, अरुंद रिमवर उड्या सोप्या जातात, दमही लवकर लागतो. आतली कड धारदार असेल तर सूर स्वच्छ सुटतो आणि रिम आहे त्यापेक्षा लहान वाटते. हा भास लक्षात ठेवा. "मला मोठी रिम हवी" म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरं तर मऊ कडेची रिम हवी असते.

रिमचा निकाल एका बैठकीत लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा ओठांना कळतो आणि त्याची सवय व्हायला दिवस लागतात. दोन आठवडे तीच रिम ठेवा, मधे जुनी हातात घेऊ नका.

तपासणी: अर्धा तास वाजवून झाल्यावर, दमलेल्या ओठांनी, बेस क्लेफच्या चौथ्या ओळीवरचा एफ जिभेविना फक्त श्वासाने, अगदी हळू सुरू करा. सूर लगेच आला तर रिम ठीक. आधी फूस आणि मग सूर असं होत राहिलं तर व्यास तुमच्या ओठांना जास्त होतोय.

## टप्पा 3: वाद्य कोणत्या गटातलं ते ओळखा

आता वाद्याकडे. बेस ट्रॉम्बोनच्या स्लाइडचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बहुधा 0.562 इंच, म्हणजे 14.3 मिमी असतो. त्यामुळे बोअरवरून फारसं काही कळत नाही. बेलचा व्यास, व्हॉल्व्हचा प्रकार आणि लीडपाइप यांवरून वाद्य मोकळं की आवरलेलं हे ठरतं.

साडेनऊ इंची बेल, एक व्हॉल्व्ह किंवा एकमेकांवर अवलंबून असलेले (दुसरा पहिल्याबरोबरच चालणारा) दोन व्हॉल्व्ह. जुन्या बांधणीची ही वाद्यं स्वतःच फुंकर बरीच अडवतात. यांना 27 ते 27.5 मिमीच्या आसपासची रिम, मध्यम खोल कप आणि 7 मिमीच्या जवळचा थ्रोट छान बसतो. त्याहून मोठं काही दिलं तर सुराची कड जाते.

साडेनऊ ते दहा इंची बेल, स्वतंत्र दोन व्हॉल्व्ह. आजची बहुतेक वाद्यं यात येतात. 27.5 ते 28.5 मिमीपर्यंत ओठ म्हणतील ते. इथे वाद्य फारशी कटकट करत नाही.

साडेदहा इंची बेल, अ‍ॅक्सियल फ्लो (हवा जवळपास सरळ जाऊ देणारे) व्हॉल्व्ह, रुंद लीडपाइप, किंवा खालची नळी वरच्यापेक्षा रुंद असलेली दुहेरी बोअरची स्लाइड. अशी स्लाइड बहुधा 0.562 आणि 0.578 इंचांची असते. हे वाद्य फुंकरीला जवळपास काहीच अडवत नाही, म्हणून अडवायचं काम माउथपीसवर येतं. इथेच लोक सगळ्यात मोठा थ्रोट घेतात आणि इथेच तो सगळ्यात जास्त नडतो. रिम 28 च्या पुढे गेली तर जाऊ द्या, ती तुमच्या ओठांची बाब आहे. पण कप बेताचा ठेवा आणि थ्रोट 7.5 मिमीच्या पुढे नेण्याआधी दहादा विचार करा.

0.547 इंच बोअरचा, मोठ्या शँकचा टेनर, बेसचा भाग वाजवण्यासाठी. तात्पुरती सोय म्हणून बरेच जण असं करतात. 26 ते 27 मिमीच्या पलीकडे जाऊ नका. कप मोठा केल्याने टेनरचा बेस होत नाही, फक्त वरचा भाग बेसूर होतो.

चूक: "माझ्या वाद्यासोबत जो माउथपीस आला तोच त्याचा खरा जोडीदार." सोबत येणारा माउथपीस कुणालाही चालावा असा निवडलेला असतो. तुलनेची सुरुवात म्हणून तो उत्तम, पण निवडीचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

## टप्पा 4: कप, ट्यूनर समोर ठेवून

हा टप्पा सावकाश करा. बहुतेक जण कप कानाने, तेही स्वतःच्या, ठरवतात आणि फसतात. खोल कप बेलच्या मागे उभ्या असलेल्या वादकाला गडद आणि भारी वाटतो. समोर बसलेल्याला तोच सूर धूसर ऐकू येतो.

आधी कपांची मापं घ्या. शँककडून थोडी पुट्टी घालून थ्रोट बंद करा, सिरिंजने कप रिमच्या काठापर्यंत पाण्याने भरा आणि किती मिलिलीटर लागलं ते लिहा. दोन्ही माउथपीसांत पुट्टी थ्रोटच्या सारख्याच जागी हवी, नाहीतर आकडे फसवतील. मग कॅलिपरच्या दांडीने कपाच्या मध्यावरची खोली मोजा. खोली सारखी आणि पाणी जास्त लागलं, तर कप वाटीच्या आकाराचा आहे. कमी लागलं, तर शंकूसारखा.

एक झटपट चाचणीही आहे. माउथपीस वाद्यातून काढा आणि रिम तळहातावर चापट मारल्यासारखी आपटा. "पॉप" असा एक बारीक सूर येतो. ज्या माउथपीसचा हा सूर खालचा, तो वाद्याचे वरचे सूर जास्त खाली ओढणार. कारण असं की माउथपीस नळीची लांबी वाढवल्यासारखा वागतो आणि ही वाढीव लांबी वरच्या सुरांना जास्त लागू होते. म्हणून मोठ्या कपाचा परिणाम सगळ्या सुरांवर सारखा होत नाही. तसा झाला असता तर ट्यूनिंग स्लाइड सरकवून काम भागलं असतं.

आता मुख्य चाचणी. स्लाइड पहिल्या पोझिशनला पूर्ण बंद. दुसऱ्या ओळीवरचा बी फ्लॅट ट्यूनरशी जुळवा. मग एफ, त्यावरचा बी फ्लॅट, त्यावरचे डी आणि एफ, आणि शेवटी सर्वांत वरचा बी फ्लॅट. प्रत्येक सूर मध्यम जोरात, ओठांनी दुरुस्ती न करता. ट्यूनर तुम्ही बघू नका, दुसऱ्या कुणाला बघून किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली ते लिहायला सांगा. ट्यूनर डोळ्यांसमोर असला की ओठ आपोआप चोरी करतात.

वहीतले आकडे असे वाचा. डी थोडा खाली असणारच, नैसर्गिक पार्शियल, म्हणजे नळीच्या उपजत स्वरमालिकेतला सूर, म्हणून तो 14 सेंटांच्या आसपास खाली असतो. त्याचा दोष कपावर टाकू नका. बघायचे आहेत ते तीन बी फ्लॅट. जुन्या माउथपीसवर हे तीन एका रांगेत असतील आणि नव्यावर मधला जरा खाली, वरचा आणखी खाली असा उतार दिसत असेल, तर कप त्या वाद्याला मोठा आहे. उलट वरचा चढत गेला तर कप लहान.

सावधान: एका वेळी एकच गोष्ट बदला. नवी रिम, नवा कप आणि नवा थ्रोट एकदम आले तर वहीतले आकडे कशामुळे बदलले ते कुणीही सांगू शकणार नाही.

## टप्पा 5: थ्रोट आणि बॅकबोअर

बेस ट्रॉम्बोनच्या माउथपीसचा थ्रोट साधारण 7 ते 8 मिमी असतो. मोजायला 7, 7.25, 7.5 अशा ड्रिल बिटांचं मागचं गुळगुळीत टोक कपाकडून अलगद सोडून बघा. दाबू नका, फिरवू नका.

थ्रोट लहान असला की सूर एकवटतो, हळू वाजवणं सोपं जातं, पण जोरात वाजवताना एका क्षणी भिंत लागल्यासारखं होतं. मोठा असला की ती भिंत लांब जाते, पण श्वासाची नासाडी होते आणि हळू सूर फुसफुसतो. मला विचाराल तर शंका असेल तेव्हा लहान थ्रोट घ्या. लहान मोठा करता येतो, मोठा लहान करता येत नाही. आणि मोठा करायची वेळ आलीच, तर घरच्या ड्रिलने नाही. छिद्र मध्यापासून किंचित सरकलं तरी माउथपीस कायमचा वाया जातो.

बॅकबोअरबद्दल एवढंच पुरे: घट्ट बॅकबोअरमध्ये वरचे सूर सापडायला सोपे जातात, मोकळ्यात खालचे जास्त पसरतात. तो वेगळा बदलता येत नसेल तर त्याच्यामागे लागू नका.

तपासणी: दोन्ही ट्रिगर दाबून स्टाफखालच्या दुसऱ्या जादा ओळीवरचा सी आणि त्याखालचा बी, आधी हळू, मग जोरात, प्रत्येकी श्वास संपेपर्यंत. दोन्ही माउथपीसांवर किती सेकंद टिकतो ते घड्याळावर बघा. जोरात वाजवताना थोडा फरक चालेल. हळू वाजवतानाही सूर बराच लवकर संपत असेल तर थ्रोट मोठा आहे. आणि कोंदलेपणा फक्त ट्रिगरवर, उघड्या पोझिशनवर नाही असं आढळलं, तर माउथपीस ठेवा बाजूला आणि पुन्हा व्हॉल्व्हच्या खुणा बघा.

## टप्पा 6: लीडपाइप, असेल तर

एडवर्ड्स, शायर्स अशा वाद्यांचे लीडपाइप बदलता येतात. माउथपीस ठरेपर्यंत वाद्यासोबतचा मधला लीडपाइप बसवून ठेवा आणि विसरून जा. लीडपाइप आणि थ्रोट दोन्ही फुंकरीला अडवण्याचंच काम करतात, म्हणून दोन्ही एकदम हलवले तर कुठेच पोहोचत नाही. माउथपीस ठरला आणि तरी वाद्य जरा घट्ट किंवा जरा सैल वाटलं, तर लीडपाइपने शेवटची दुरुस्ती करा. बदलल्यावर टप्पा 1 मधली मार्करची चाचणी पुन्हा करायची, कारण रिसीव्हरचा उतारही बहुतेकदा लीडपाइपबरोबर बदलतो.

## टप्पा 7: खोलीबाहेरची परीक्षा

लहान खोलीत पेडल सूर, म्हणजे वाद्याचे सगळ्यात खालचे मूळ सूर, कुणाचेही भारी वाटतात. म्हणून पेडलने सुरुवात करून निर्णय घेणं ही सगळ्यात मोहात पाडणारी चूक. क्रम असा ठेवा: आधी जुन्या माउथपीसवर ओठ गरम करा, मग नवा हातात धरून कोमट होऊ द्या. हळू सूर आधी, मग मधल्या पट्टीत जिभेचे तुटक सूर, मग वरचे, मग ट्रिगरचे, आणि पेडल सर्वांत शेवटी.

रेकॉर्डिंग मोठ्या जागेत, फोन निदान पाच-सहा मीटर दूर ठेवून करा. तोच उतारा दोन्ही माउथपीसांवर, आळीपाळीने. कोणता आधी वाजवला ते फक्त वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी वहीकडे न बघता ऐका. त्यात "मोठा" सूर कोणता हे शोधू नका. सूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं ते बघा. बेस ट्रॉम्बोनचे तुटक सूर एकमेकांत मिसळून ऐकू आले तर बहुधा कप जास्त खोल आहे किंवा थ्रोट जास्त मोकळा.

त्यानंतर तालीम. शेजारच्या टेनर ट्रॉम्बोनवाल्याला माउथपीस बदलल्याचं सांगू नका. तालीम संपल्यावर एवढंच विचारा, की आज माझ्याशी सूर जुळवायला सोपं गेलं की अवघड. त्याचं उत्तर आणि तुमच्या वहीतले बी फ्लॅटचे आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर माउथपीस ठरला. विरुद्ध बोलत असतील तर टप्पा 4 वर परत जा आणि आधी शँकची खोली पुन्हा मोजा. विसंगती बरेचदा तिथेच सापडते.

ठरलेल्या जोडीची मापं वहीत लिहून ठेवा: रिमचा तुम्ही मोजलेला व्यास, कपातलं पाणी, थ्रोट, शँक आत जाण्याची खोली आणि ट्यूनिंग स्लाइड किती बाहेर होती ते. वाद्य बदललं तर रिम तीच ठेवून टप्पा 1 करा आणि तिथून थेट टप्पा 3 वर जा.